दुधावरच्या सायीला काय द्यावे?

(द्वितीय वर्ष, कला)

नातवंडांना आपल्याकडे 'दुधावरची साय' म्हणतात. पोटच्या मुलांना ज्यांनी कधी फार लाडावले नाही, अशी माणसेही नातवंडांपुढे विरघळतात, हा अनुभव घरोघरचा आहे. पण या सायीला काय द्यावे, हा प्रश्न आमच्या महाड-पोलादपूर भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अलीकडे फार छळतो आहे, असे मला दिसते. त्याविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त घडले ते गेल्या गणपतीत. आमच्या वाडीत गणपतीला मुंबईची माणसे येतात. शेजारच्या घरीही मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू आला होता. त्याच्यापाशी चावीविना धावणारी मोटार होती, चित्रांची पुस्तके होती, बोलणारी बाहुली होती. निघण्याच्या दिवशी त्याच्या आजीने पिशवीत आमसुले, तांदूळ आणि दोन नारळ भरून दिले. मग आमच्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आमच्याजवळ काय हाय गं बाय, पोराला द्यायला?" हे वाक्य मला पुढे कितीतरी दिवस पुरले. खरोखरच यांच्याजवळ द्यायला काही नाही काय?

आहेर आणि भेट

प्रथम शब्दांचा विचार करू. देण्याघेण्याला आपल्या भाषेत अनेक शब्द आहेत. लग्नामुंजीत दिला जातो तो आहेर. आहेराची वही असते. कोणी किती घातले याची तीत नोंद होते आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे, शक्य तर थोडे अधिक, परत करावे लागते. म्हणजे आहेर हा एक प्रकारचा हिशेबच होय. त्यात गैर काही नाही. गरीब माणसाचे कार्य त्याच्यावरच तर पार पडते. दुसरा शब्द खाऊ. तो त्या दिवशी गोड लागतो आणि त्याच दिवशी संपतो.

तिसरा शब्द आहे भेट. त्याचे दोन अर्थ आहेत. दिलेल्या वस्तूला भेट म्हणतात आणि दोन माणसांनी एकमेकांना भेटणे यालाही भेटच म्हणतात. हे दोन अर्थ एका शब्दात आले, ते मला फार योग्य वाटते. जी वस्तू हाती आल्यावर देणारा माणूस पुन्हा भेटतो, ती खरी भेट. ज्या नातवंडांना आजी-आजोबा वर्षातून दोनदाच, गणपतीला आणि मे महिन्यात भेटतात, त्यांच्या बाबतीत तर हा अर्थ अधिकच खरा आहे. आहेर फेडता येतो. अशी भेट फेडता येत नाही, ती पुढच्या माणसाला द्यावयाची असते.

या दृष्टीने पाहू लागले, तेव्हा आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांकडे देण्यासारखे पुष्कळ काही दिसू लागले. त्याचे मी चार भाग केले आहेत: कपडा, झाड, हकीकत आणि पैसा-जमीन.

कपडा

मूल जन्मले की आजोळहून बाळंतविडा येतो. कुंची, झबली, टोपडी, दुपटी. ऐपत असेल तर चांदीचे वाळे आणि बिंदल्या. यातले दुपटे जुन्या लुगड्याचे असावे असा आपला रिवाज आहे. त्याला कोणी दारिद्र्य समजेल, पण त्यात शहाणपण आहे. नव्या कापडात खळ असते. शंभर वेळा धुतलेले सुती लुगडे मऊ होते आणि कोवळ्या अंगाला काचत नाही.

दुपट्याची मोठी बहीण ती गोधडी. आमच्याकडे कोणी तिला वाकळही म्हणतात. ती कशी होते, हे मी आजीशेजारी बसून पाहिले आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. ते दुमडून खाली-वर घालायचे, मध्ये जुनी धोतरे, फाटकी पातळे यांचे थर पसरायचे. कापड सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आधी लांब टाके घालून थर पकडायचे आणि मग कडेपासून आतल्या बाजूला एकात एक चौकोन काढीत धावदोरा घालायचा. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते, म्हणून ती उबदार. थंडीत हलकी आणि उन्हाळ्यात अंथरायलाही चालते.

माझा जन्म २००५ सालचा. त्या वर्षी २५ आणि २६ जुलैच्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे आणि पोलादपुरात कोतवाल येथे दरडी कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. मी जन्मले ती त्यानंतर दोन महिन्यांनी. तो सबंध पावसाळा आजी रात्री जागी असे. डोंगराचा आवाज येतो की काय, म्हणून कान देऊन बसे, आणि बसल्या बसल्या माझी गोधडी शिवीत असे. त्या गोधडीत एके ठिकाणी टाके फार वाकडे आहेत. विचारले तेव्हा म्हणाली, "त्या रातीला दिवा न्हवता." बाजारात याहून सुबक गोधडी मिळेल, पण त्या रात्रीचे वाकडे टाके तिच्यावर मिळणार नाहीत.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्याकडे पुष्कळ घरी नातू झाला तर चांदीचे वाळे आणि नात झाली तर नुसते दुपटे, असा भेद अजून होतो. नातीला दुपटे मिळाले याचे दुःख नाही, पण दोघांना दोन मापे लावली, हे तिला मोठेपणी कळते आणि कायमचे कळते. भेट किती किमतीची यापेक्षा ती सर्वांना सारख्या मनाने दिली काय, याकडे मुलांचे लक्ष फार असते.

झाड

दुसरी भेट झाडाची. बी रुजवून लावलेला फणस धरायला सात-आठ वर्षे सहज लागतात. साठी उलटलेला माणूस फणस लावतो, तेव्हा तो स्वतःसाठी लावीत नाही हे उघड आहे. नातवंड जन्मले की परसात त्याच्या नावाने एक झाड लावावे, ही आमच्या काही घरांतली पद्धत मला फार आवडते. झाड आणि मूल बरोबर वाढतात. मुंबईला राहणारे मूल मे महिन्यात आले की आधी आपले झाड पाहायला धावते. आपल्या मालकीचे काहीतरी या मातीत उभे आहे, ही जाणीव त्याला गावाशी बांधून ठेवते. मात्र झाड कोणाचे ते मुलाला सांगितले पाहिजे आणि त्याच्या हाताने एखादा तांब्या पाणी घालून घेतले पाहिजे. नाहीतर ते नुसतेच झाड.

हकीकत

तिसरी भेट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ. आपण काय पाहिले, काय सोसले, हे सांगणे.

माझ्या वर्गातील एका मैत्रिणीचे पणजोबा १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेला आपल्या गावाहून चालत आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग जे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, त्यांत ते होते. पुढे तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, हे आपण पुस्तकात वाचतो. पण मैत्रिणीचे आजोबा दर २० मार्चला नातवंडांना तळ्याच्या काठी नेतात, पायरीवर बसवितात आणि आपल्या वडिलांनी सांगितलेले जसेच्या तसे सांगतात: कोणाबरोबर आले, भाकरी कोठे सोडली, परतताना काय झाले. "आमच्याकडे सोनं नाही, ही पायरी आहे," असे ती मला एकदा म्हणाली. हे ऐकून मला तिचा हेवा वाटला.

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड आहे. तेथे जिजाबाईंची समाधी आहे. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी ती पाहिली आहे. राजमाता म्हणून आपण त्यांना वंदन करतो, पण त्या आजीही होत्या, हे आपण विसरतो. १६५९ साली सईबाई वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. आईविना राहिलेल्या त्या नातवाचा सांभाळ जिजाबाईंनी केला. पुढे त्याच नातवाने संस्कृतात 'बुधभूषण' हा ग्रंथ रचला. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी जिजाबाईंनी पाचाडला देह ठेवला, तेव्हा नातू सतरा वर्षांचा होता. पंधरा वर्षांची ती सोबत कोणत्या मापाने मोजणार?

पैसा आणि जमीन

नुसत्या भावनेने पोट भरत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे आहे. ज्यांना पैसा किंवा जमीन द्यावयाची आहे, त्यांनी ती अवश्य द्यावी, पण नियम जाणून द्यावी. फसगत येथेच होते.

मुलींसाठी पोस्टात आणि बँकेत सुकन्या समृद्धी खाते २०१५ पासून उघडता येते. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावे लागते. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, भरणा १५ वर्षे आणि मुदत २१ वर्षे. पुष्कळ आजी-आजोबांना वाटते की आपणच नातीचे खाते उघडावे. तसे चालत नाही. खाते आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच उघडावे लागते. पूर्वी आजी-आजोबांनी उघडलेली खाती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आई-वडिलांच्या पालकत्वाखाली आणावी लागतात. तेव्हा खाते आईने उघडावे आणि आजीने महिन्याच्या महिन्याला भाजी विकून आलेले शंभर रुपये तिच्या हाती द्यावेत, हा सरळ मार्ग.

जमीन किंवा घर जिवंतपणी द्यावयाचे तर बक्षीसपत्र करतात. ते नोंदविलेलेच असावे लागते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. आपल्या राज्यात राहते घर किंवा शेतजमीन नातवाला अथवा नातीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा. या सवलतीत नातू आणि नात दोघांचीही नावे आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण बक्षीसपत्र एकदा झाले की सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर आधी राखावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिले असेल, तर ती अट कागदावर लिहून घ्यावी. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे अशी अट मोडल्यास ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. त्याच कायद्यात सांभाळाची जबाबदारी असणाऱ्या 'मुलां'मध्ये सज्ञान नातू आणि नातही धरले आहेत. म्हणजे कायद्यालासुद्धा हे नाते एकाच बाजूने वाहणारे वाटत नाही.

मला मिळालेली भेट

आता माझ्या घरचे सांगते. कारण हा लेख मी ज्या वस्तूमुळे लिहिते आहे, ती या चारही भागांत नीटशी बसत नाही.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. गावच्या मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांत राहत, खानावळीत जेवत आणि दर महिन्याला आजीला पोलादपूरकडे मनीऑर्डर करीत. ही मनीऑर्डर आपल्या देशात १८८० पासून चालत आलेली. तिच्या फॉर्मला दोन तुकडे जोडलेले असत. एकावर पाठविणारा निरोप लिही, तो पैसे घेणाऱ्याकडे राही. दुसरा तुकडा पोहोचेचा. त्यावर पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा घेऊन पोस्ट तो पाठविणाऱ्याला परत करी. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. आलेला निरोप पोस्टमन मोठ्याने वाचून दाखवी आणि आजूबाजूची चार माणसेही तो ऐकत. म्हणून आजोबा "सर्व खुशाल" याखेरीज कधी काही लिहीत नसत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि आजोबा गावी परतले ते कायमचे. येताना त्यांनी पत्र्याच्या पेटीतून आणलेल्या सामानात तारेत ओवलेल्या ९६ पोहोचपावत्या होत्या.

२०२१ साली मी दहावीला होते. करोनामुळे परीक्षा झालीच नाही. अंतर्गत गुणांवर १६ जुलैला निकाल लागला. आमच्या घराण्यात दहावी झालेली मी पहिली, पण मला रडू येत होते. परीक्षा न देता पास झालेली, असे लोक म्हणतील, एवढेच मनात होते. आजोबा गावाहून महाडला आमच्या भाड्याच्या खोलीवर आले आणि त्यांनी ती तार माझ्या हाती दिली. म्हणाले, "परीक्षा दिली न्हाय म्हणून रडतेस व्हय? तुझ्या आजीनं दिलेली बघ."

मी एकेक पावती चाळीत गेले. १९७३ पासून सगळ्यांवर अंगठा. काळा, गोल, दर महिन्याला तोच. आणि १९७९ च्या शेवटी एका पावतीवर अंगठ्याच्या जागी अक्षरे. मोठी, वाकडी, चौकटीच्या बाहेर गेलेली. २ ऑक्टोबर १९७८ पासून सरकारने देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यातला रात्रीचा वर्ग वाडीच्या देवळात भरे. दिवसभर शेतात राबून आणि दोन पोरांना निजवून आजी तेथे जाऊन बसे. पोस्टमनने विचारल्यावाचून तिने दौत-टाक मागून घेतला आणि सही केली. ती पोहोच मुंबईला आली, तेव्हा आजोबांनी ती खोलीतल्या सगळ्यांना दाखविली होती म्हणे. पुढच्या मनीऑर्डरीच्या निरोपात "सर्व खुशाल"च्या खाली त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या. त्या कोणत्या, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी, २२ जुलैला, महाडात पूर आला. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापुढे आमचे नुकसान म्हणजे काहीच नव्हे. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल होता. नवा मोबाईल, पुस्तके, धान्य, सारे गेले. पावत्यांची तार पेटीत सापडली.

आम्ही त्या सुटवून दोरीवर वाळत घातल्या. निम्म्याहून अधिकांचा लगदा झाला होता. उरलेल्यांवर एक विचित्र गोष्ट दिसली. अंगठ्याची आणि पोस्टाच्या शिक्क्याची शाई तेलकट असते, ती जशीच्या तशी राहिली होती. टाकाने लिहिलेली अक्षरे मात्र फुटून वाहून गेली होती. अंगठे राहिले आणि सही गेली. मला ते सहन होईना. जी एकच पावती वाचायला हवी होती, तीच नेमकी कोरी झाली.

रस्ते सुरू झाल्यावर आजी आली, तेव्हा मी ती निळा डाग पडलेली पावती तिच्यापुढे ठेवली आणि रडले. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "सही कागदात असती व्हय? हातात असती." मग माझी नवी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानावर सही केली. अक्षरे अजून मोठीच आहेत आणि ओळीच्या बाहेर जातात. त्या वहीत मी पुढे तिला विचारून विचारून तिची सारी हकीकत लिहून काढली. कॉलेजात नाव घातले, त्या दिवशी ती वही मी बरोबर नेली होती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. पुस्तकातली विद्या हातात आली, की म्हाताऱ्या माणसांना काही कळत नाही, असे वाटण्याचा धोका आपल्याला अधिक. त्यांनाही तसेच वाटू लागते आणि मग ती म्हणतात, "आमच्याजवळ काय हाय द्यायला?" या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांच्या पेटीत, परसात आणि आठवणीत काय आहे ते आपण होऊन विचारावे. त्यांना देण्याचे सुचत नसेल, तर आपण मागावे. नातवंडाने मागितल्यावर द्यायला नाही म्हणणारी आजी माझ्या तरी पाहण्यात नाही.

शेजारच्या त्या आजींनाही मी हे सांगितले. त्यांनी यंदा नातवासाठी फणसाची बी रुजत घातली आहे. मे महिन्यात तो आला की रोप त्याच्याच हाताने लावून घेणार आहेत. एवढे सांगून लेखणी थांबविते.